हृदयाचे दार आणि ॲड्रेनलिनचा निरोप

प्राण्याच्या शरीरातून हृदय वेगळे काढले तरी ते काही काळ धडधडत राहते, ही गोष्ट खाटीक, शिकारी आणि वैद्य या तिघांनाही फार पूर्वीपासून ठाऊक होती. बेडकाचे हृदय तर योग्य द्रवात ठेवले की तासन् तास चालते. त्याला मेंदूची आज्ञा लागत नाही की मज्जातंतूंचे पाठबळ लागत नाही. ठोका देण्याची शक्ती ही त्याची स्वतःची मिरास आहे.

परंतु याच हृदयाचा दुसरा स्वभावही तितकाच जुन्या अनुभवाचा आहे. अंधारात पायाजवळ काही सळसळले, घरातले मूल गर्दीत क्षणभर दिसेनासे झाले, परीक्षेचा निकाल वाचण्याची वेळ आली, की छातीत धडधड सुरू होते. ठोके नुसते जलद पडत नाहीत, प्रत्येक ठोक्याचा जोरही वाढतो. संकट टळले की थोड्याच वेळात ते पूर्ववत होतात. जे हृदय कोणाच्या सांगण्यावाचून चालते, ते ऐकते तरी कोणाचे? आणि ऐकून नेमके करते काय? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा शास्त्रज्ञांनी सुमारे एकशे चाळीस वर्षे केला, आणि त्यातील एक मोठी गाठ २०२० साली सुटली.

उत्तर कोठे दडले होते ते आधी सांगितलेले बरे. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विद्युद्भार असलेले कण सुटे होतात. त्यांना आयन म्हणतात. सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांचे आयन रक्तात असतात, तसेच पेशीच्या आतही असतात. मात्र दोन्हीकडचे प्रमाण अगदी वेगळे. विसावलेल्या हृत्पेशीच्या आत सुटे कॅल्शियम बाहेरच्या मानाने दहा हजारांत एक भाग इतकेच असते. पेशीचे पटल तेलकट असल्यामुळे आयनांना त्यातून सहज जाता येत नाही. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांचे अरुंद मार्ग असतात, प्रत्येक जातीच्या आयनासाठी निराळे, आणि त्या मार्गांना दारे असतात. दार उघडले की आयन धावतात, विद्युत्प्रवाह वाहतो. कॅल्शियम आत आले की स्नायू आकुंचन पावतो. ही दारे केव्हा आणि किती वेळ उघडावीत यावर कोणाची सत्ता चालते, हा या इतिहासाचा विषय आहे.

त्याचा आरंभ लंडनमध्ये एका चुकीतून झाला. युनिव्हर्सिटी कॉलेजमधील वैद्य सिडनी रिंगर हे बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यावर जगवण्याचे प्रयोग करीत होते. १८८२ साली त्यांनी असे जाहीर केले की, योग्य क्षार घातलेल्या पाण्यात हृदय उत्तम चालते, आणि त्या क्षारांमध्ये कॅल्शियमला त्यांनी काही महत्त्व दिले नव्हते. पुढे त्यांच्या ध्यानात आले की, जे पाणी ऊर्ध्वपातित म्हणून वापरले गेले होते ते तसे नव्हतेच. न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाचे पाणी होते. खरोखरीचे ऊर्ध्वपातित पाणी घेऊन प्रयोग केला तेव्हा हृदय लवकरच दुबळे होऊन थांबले. नळाच्या पाण्यात चुन्याचा अंश होता, आणि तोच हृदयाला चालवीत होता. रिंगर यांनी १८८३ साली आपले आधीचे म्हणणे स्वतःच दुरुस्त करून प्रसिद्ध केले. या प्रसंगाला केवळ दैवाचा खेळ म्हणण्याची प्रथा आहे. ते तितकेसे न्याय्य नाही. अशुद्ध पाणी त्या काळी अनेक प्रयोगशाळांत वापरले जात असेल. एकदा छापून गेलेला निष्कर्ष पुन्हा तपासायला घेण्याची तयारी मात्र थोड्यांचीच असते. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा द्रव आजही प्रयोगशाळांत वापरला जातो, आणि त्याचेच एक सुधारलेले रूप रुग्णालयात शिरेतून दिले जाते.

हृदयाचा शिधा असा कळला. त्याला निरोप कोण देतो हे कळायचे होते. त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात १८९० नंतरच्या दशकात जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या ग्रंथींचा अर्क प्राण्यांना टोचून पाहिला. रक्तदाब झपाट्याने चढला, हृदयाचा जोर वाढला. १९०१ च्या सुमारास जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने यांनी अमेरिकेत त्या अर्कातील गुणकारी द्रव्य स्फटिकरूपात मिळवले. तेच ॲड्रेनलिन.

पण मज्जातंतू हृदयाशी कसा बोलतो, विजेने की द्रव्याने, याविषयी वाद होता. तो ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे ओटो लोवी यांनी मिटवला. त्यांनी नंतर सांगितलेली हकीकत सर्वांना आवडते: ईस्टरच्या सुमारास रात्री स्वप्नात प्रयोग सुचला, अर्धवट झोपेत तो कागदावर खरडला, सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना, दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तेच स्वप्न पुन्हा पडले, तेव्हा ते तसेच उठून प्रयोगशाळेत गेले. स्वप्नाच्या गोष्टी सांगता सांगता रंगत जातात, हे लक्षात ठेवून ती ऐकावी. प्रयोग मात्र निःसंशय सुंदर आहे. दोन बेडकांची दोन हृदये घेतली. पहिल्याला जाणारा व्हेगस मज्जातंतू विजेने उत्तेजित केला; त्याचे ठोके मंदावले. त्या हृदयात भरलेला रिंगरचा द्रव काढून दुसऱ्या हृदयात घातला. त्या हृदयाला कोणत्याही मज्जातंतूने स्पर्श केला नव्हता, तरी तेही मंदावले. वेग वाढवणारा मज्जातंतू छेडला, तेव्हा त्याच रीतीने दुसऱ्या हृदयाचाही वेग वाढला. निरोप द्रव्यातून जातो हे यावरून सिद्ध झाले. १९२१ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. मंद करणारे द्रव्य म्हणजे ॲसेटिलकोलीन, आणि बेडकात वेग वाढवणारे द्रव्य म्हणजे ॲड्रेनलिन, हे पुढे ठरले. १९३६ साली लोवी यांना हेन्री डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. दोनच वर्षांनी नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला तेव्हा ज्यू असलेल्या या वृद्ध अध्यापकाला अटक झाली, आणि पारितोषिकाची रक्कम नाझींच्या ताब्यातील बँकेत वळती केल्यावरच त्यांना देश सोडता आला.

निरोप हृदयापर्यंत पोचतो एवढे ठरले. तो पोचल्यावर पेशीत काय घडते, हे पाहण्यासाठी पेशीच्या आत शिरावे लागणार होते. हे काम आधी मज्जातंतूवर झाले. माकूल या समुद्रजीवाच्या, म्हणजे गोव्याकडे माणकी म्हणून जी बाजारात येते तिच्या जातभाईच्या, अंगात एक विलक्षण जाड मज्जातंतू असतो. त्याच्यावर प्रयोग करून केंब्रिजचे ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ साली दाखवून दिले की, सोडियम आत धावते आणि पाठोपाठ पोटॅशियम बाहेर पडते, एवढ्या दोन हालचालींत मज्जातंतूचा विद्युत्स्पंद पुरा होतो. सारा कारभार सुमारे एक सहस्रांश सेकंदाचा.

हृदयाचा स्पंद मात्र या चौकटीत बसेना. स्वित्झर्लंडचे सिल्व्हिओ वाइडमान आणि फ्रान्सचे एदुआर कोराबफ यांनी १९४९ साली केंब्रिजमध्येच हृदयाच्या तंतूत काचेची अतिसूक्ष्म नळी खुपसून त्याचा स्पंद टिपला होता. तो मज्जातंतूच्या स्पंदाच्या शेकडो पट लांब होता. वर चढल्यावर तो लगेच उतरत नसे. एखाद्या पठारावर चालावे तसा बराच वेळ उंचावरच राही. या पठाराला अर्थ आहे. हृदयाला रक्त ढकलायला वेळ हवा, आणि एक आकुंचन पुरे होण्याआधी दुसरे सुरू होता कामा नये. पण पठार टिकते कशाने?

हा प्रश्न डेनिस नोबल या तरुण विद्यार्थ्याने हाती घेतला. त्याचे मार्गदर्शक ओटो हटर हे स्वतः व्हिएन्नाचे. नाझी राजवटीतून सोडवलेल्या मुलांबरोबर ते इंग्लंडला आले होते. नोबल याने मेंढीच्या हृदयातील तंतूंवर मोजमापे घेतली आणि त्यांची समीकरणे मांडली. ती सोडवण्यास लंडन विद्यापीठाचा मर्क्युरी नावाचा संगणक हवा होता. एका जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यावर वेळ मिळाली ती पहाटे दोन ते चार. चार वाजता गणित संपवावे आणि तेथून खाटीकखान्यात जाऊन ताजी हृदये आणावीत, असा त्याचा दिनक्रम होता. १९६० साली त्याने कागदावरचे हृदय प्रथमच ठोके देताना दाखवले. पोटॅशियमची दारे स्पंद सुरू होताच उघडण्याऐवजी अंशतः बंद होतात, त्यामुळे थोड्या खर्चात पठार टिकते, ही त्यातील मोलाची गोष्ट होती. परंतु त्या समीकरणांत कॅल्शियम नव्हते! रिंगर यांनी सत्त्याहत्तर वर्षांपूर्वी ज्याच्यावाचून हृदय थांबते असे दाखवले, त्याच्या प्रवाहाचा कोणालाच पत्ता लागला नव्हता; पठाराचा भार सोडियमवर टाकून हिशेब जुळवला गेला होता.

कॅल्शियमचा हा प्रवाह हाराल्ड रॉयटर या जर्मन शास्त्रज्ञाने १९६७ साली दाखवला. बाहेरच्या द्रवातून सोडियम काढून घेतले तरी आत येणारा एक संथ प्रवाह उरतो, आणि बाहेरचे कॅल्शियम कमीजास्त केले की तो कमीजास्त होतो, असे त्यांनी सिद्ध केले. ॲड्रेनलिन दिले की हा प्रवाह वाढतो, हेही त्याच सुमारास पुढे आले. लोवी यांचा निरोप ज्या दारावर पोचत होता ते दार सापडले. मात्र सर्वांना हे पटले नाही. हृदयाच्या तंतूत असंख्य पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यातला विद्युद्दाब सर्वत्र सारखा राखता येत नाही, तेव्हा मोजलेला प्रवाह खरा की प्रयोगाच्या त्रुटीतून उपजलेला, असा आक्षेप घेतला गेला. आक्षेप वावगा नव्हता. त्याला उत्तर द्यायचे तर एकच सुटी पेशी हाती यायला हवी होती.

आणि तेथे कॅल्शियम पुन्हा आडवे आले. पेशी सुट्या करायच्या तर त्यांना जोडून ठेवणारे कॅल्शियम काढून घ्यावे लागे. आणि ते काढून पुन्हा दिले की पेशी आखडून मरून जात. जे नसेल तर हृदय थांबते, तेच परत आल्यावर त्याला मारते, असा हा पेच होता. १९७०–८० च्या दशकात अनेक प्रयोगशाळांनी चिकाटीने वितंचकांची मात्रा आणि क्षारांचे प्रमाण जुळवीत आणले, तेव्हा कोठे कॅल्शियम सोसणाऱ्या सुट्या हृत्पेशी मिळू लागल्या. या कामाला पारितोषिके मिळाली नाहीत. पण पुढचे सारे प्रयोग त्याच्यावर उभे आहेत.

दरम्यान निरोपाचा पेशीच्या आतील प्रवासही उलगडत होता. ॲड्रेनलिन पेशीच्या आत जातच नाही. ते पटलावरील एका ग्राहक प्रथिनाला भेटते, आणि आत दुसराच दूत निघतो. अमेरिकेतील अर्ल सदरलँड यांनी हा आतला दूत, म्हणजे चक्रीय एएमपी हे द्रव्य, यकृताचा अभ्यास करताना शोधला; १९७१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा दूत एका वितंचकाला जागे करतो, आणि ते वितंचक निरनिराळ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारीत सुटते. हृदयातही हीच साखळी आहे, हे १९७२ साली रिचर्ड चिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. दहा वर्षांनी जर्मनीत वोल्फगांग ट्राउटवाइन यांच्या गटाने ते वितंचकच हृत्पेशीत टोचले. ॲड्रेनलिनचा थेंब नसतानाही कॅल्शियमचा प्रवाह वाढला. बाहेरच्या ग्राहकाला अडवून निरोपच थांबवणारी औषधे तोवर वैद्यांच्या हाती आलेली होती. जेम्स ब्लॅक यांचे प्रोप्रॅनोलॉल १९६४ सालचे, म्हणजे कॅल्शियमच्या प्रवाहाचा शोध लागण्याच्याही आधीचे. औषध आधी आणि उपपत्ती मागाहून, हा वैद्यकाचा जुना शिरस्ताच आहे.

आता एक बारीक पण महत्त्वाचा प्रश्न उरला. ॲड्रेनलिनने प्रवाह वाढतो म्हणजे काय होते? दार रुंद होते, की ते अधिक वेळा उघडते? याचे उत्तर देण्यास एकेक दार स्वतंत्रपणे पाहणे भाग होते, आणि ते साधन ग्योटिंगेन येथील एर्विन नेहर आणि बेर्ट साकमान यांनी १९७६ साली निर्माण केले. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे तोंड असलेली काचेची नळी त्यांनी पेशीच्या पटलावर टेकवली. त्या तोंडाखाली आलेल्या तुकड्यातील एखाददुसऱ्या मार्गातून वाहणारा प्रवाह, अँपिअरच्या काही लाख कोट्यंशांइतका सूक्ष्म असूनसुद्धा, स्वतंत्रपणे मोजता आला. पुढे नळी पटलाला घट्ट चिकटवण्याची युक्ती साधली आणि मोजमाप कितीतरी स्वच्छ झाले. कागदावर उमटणारी रेघ एकदम खाली उतरे, क्षणभर तेथे राही, एकदम वर येई. दार उघडे किंवा दार बंद. मधली स्थिती नाही.

रॉयटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२–८३ साली हे साधन हृत्पेशीच्या कॅल्शियम मार्गावर लावले. दार एकदा उघडले की त्यातून सेकंदाला सुमारे दहा लाख आयन या वेगाने कॅल्शियम आत शिरते. आणि आतल्या दूताचे प्रमाण वाढवले तरी उघड्या दाराची रुंदी तीळभरही बदलत नाही. बदलते ती उघडण्याची शक्यता. जी दारे विद्युद्दाबाची हाक ऐकूनही बहुतेक वेळा मिटलेली राहतात, ती वारंवार उघडू लागतात. भीती वाटली म्हणजे हृदयात काय होते, याचे इतके नेमके उत्तर त्यापूर्वी कोणी दिले नव्हते. १९९१ चे नोबेल पारितोषिक नेहर आणि साकमान यांना मिळाले.

लोवी यांच्या दुसऱ्या द्रव्याची, मंद करणाऱ्या ॲसेटिलकोलीनची, वाट अधिक जवळची निघाली. ते पोटॅशियमची दारे उघडते हे हटर आणि ट्राउटवाइन यांनी १९५० नंतरच्या दशकातच सुचवले होते. तेथे दूरचा दूत लागत नाही. ग्राहकाजवळच असलेल्या जी-प्रथिनाचा एक तुकडा सुटतो आणि थेट दाराला जाऊन भिडतो. तो तुकडा कोणता, यावर १९८७ पासून काही वर्षे दोन गटांत कडाक्याचा वाद चालला आणि डेव्हिड क्लॅपहॅम यांच्या बाजूने तो निकालात निघाला. ठोक्यांचा वेग ठरवणाऱ्या गाठीत आणखी एक मार्ग आहे. तो इतरांच्या उलट, विद्युद्दाब उतरला म्हणजे उघडतो. १९७९ साली त्याचे वर्णन करणाऱ्यांनी त्या प्रवाहाला ‘विक्षिप्त’ असेच नाव दिले, आणि ते टिकले. चक्रीय एएमपी त्या मार्गाला स्वतःच जाऊन चिकटते, शिक्क्याची गरज पडत नाही. कॅल्शियम मार्गाला स्वतःचाही लगाम आहे: आत आलेले कॅल्शियमच दाराशी बसलेल्या कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला धरून दार मिटवते.

हे सारे सूक्ष्म यंत्रज्ञान कोणाच्या जिवावर बेतते, हे नॉर्वेतील एका कुटुंबाने दाखवले होते. अँटोन येर्वेल आणि फ्रेड लांगे-नीलसेन या वैद्यांनी १९५७ साली त्याचे वर्णन केले. सहा मुलांपैकी चार जन्मतः बहिरी. त्यांना मधूनमधून अवचित मूर्च्छा येत, आणि त्यांतली तीन मुले अल्पवयात एकाएकी गेली. हृदयाच्या विद्युत्आलेखात एकच वैगुण्य होते: प्रत्येक स्पंद उतरायला फार वेळ घेत होता. बहिरेपणा आणि हृदय यांचा संबंध तेव्हा कळण्यासारखा नव्हता. बहिरेपणा नसलेली, पण तसाच लांबलेला आलेख असलेली कुटुंबे १९६३–६४ साली इटली आणि आयर्लंड येथे नोंदली गेली. अशा घरातले मूल पोहायला उतरले, धावले, दचकले, की कोसळे. आणि घरातली माणसे त्याला फीट येते असे समजत.

उलगडा झाला तो जनुकांमुळे. अमेरिकेत मार्क कीटिंग यांच्या गटाने १९९५–९६ साली दाखवले की, या रोगाच्या मुळाशी आयनमार्गांची जनुके आहेत. काही कुटुंबांत सोडियमची, पुष्कळ कुटुंबांत पोटॅशियमची. त्यांतला पोटॅशियमचा एक मार्ग अंतर्कर्णातील द्रवालाही पोटॅशियम पुरवतो. आई आणि बाप या दोघांकडूनही त्याचे सदोष जनुक आले तर मूल बहिरे होते आणि त्याचे हृदयही धोक्यात येते. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या नॉर्वेजियन कोड्याचे हे उत्तर होते.

पण धावताना आणि दचकतानाच मृत्यू का? येथे नियमनाचा खरा अर्थ ध्यानात येतो. ॲड्रेनलिनचा निरोप एकाच दाराला जात नाही. कॅल्शियमची दारे अधिक उघडल्यामुळे स्पंद लांबण्याचा धोका असतो. आणि ठोके तर जलद पडायचे असतात. म्हणून तोच निरोप पोटॅशियमच्या या मार्गालाही जातो, पोटॅशियम लवकर बाहेर पडते आणि स्पंद वेळेत आटोपतो. एका हाताने वेग द्यावा आणि दुसऱ्या हाताने आवर घालावा, अशी ही योजना आहे. सदोष जनुकाच्या मुलात वेग मिळतो, आवर मिळत नाही. पेशीचा विद्युद्दाब पुन्हा डळमळतो, ठोक्यांची लय तुटते, आणि हृदय रक्त ढकलण्याऐवजी नुसते थरथरत राहते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील स्टीव्हन मार्क्स आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले की, शिक्का मारणारे वितंचक या मार्गाशेजारी मुद्दाम बांधून ठेवलेले असते, त्यासाठी एक स्वतंत्र प्रथिन आहे. आणि काही रुग्णांत मार्ग असतो, वितंचकही असते, तुटलेली असते ती ही बांधणी. अशा मुलांना ॲड्रेनलिनचा निरोप अडवणारी, प्रोप्रॅनोलॉलच्या जातीची औषधे दिली जातात, आणि पुष्कळांचे प्राण त्यांनी वाचतात.

जनुक निर्दोष असलेल्या माणसावरही हा प्रसंग औषधामुळे ओढवू शकतो. टर्फेनाडीन हे सर्दी-शिंकांवरचे औषध कोट्यवधी लोकांनी घेतले होते. यकृताचे काम मंदावणारे दुसरे औषध बरोबर घेतले की ते रक्तात साचे आणि पोटॅशियमचा एक मार्ग बुजवी. त्यातून मृत्यू झाले, आणि १९९७–९८ साली अमेरिकेच्या बाजारातून ते मागे घेतले गेले. नव्या औषधाने हा मार्ग बुजतो काय, ही परीक्षा तेव्हापासून आवश्यक ठरली.

पोटॅशियमकडचा धागा असा जुळला. मूळ कॅल्शियमचा धागा मात्र सुटेना. वितंचक शिक्का मारते हे ठाऊक होते, पण नेमका कोठे? कॅल्शियम मार्गाचे जनुक जपानमधील शोसाकू नुमा यांच्या गटाने १९८९ साली वाचले, तेव्हा आता वेळ लागणार नाही असे वाटले. मार्गाच्या शेपटाकडील १९२८ क्रमांकाच्या जागेवर (हा सन नव्हे, अमिनो आम्लांच्या माळेतील क्रमांक आहे) सर्वांचा संशय होता, आणि बरीच वर्षे ती जागा पाठ्यपुस्तकांत शिक्क्याची जागा म्हणून नांदली. मग २००८ साली असे उंदीर निपजवण्यात आले, की ज्यांच्यात त्या जागी शिक्का बसूच शकत नाही. त्यांची हृदये ॲड्रेनलिनसारख्या द्रव्याला नेहमीसारखीच ओ देत होती. दुसऱ्या जागा तपासल्या, त्याही निर्दोष ठरल्या. अखेर मार्क्स यांच्या गटाने मार्गावरच्या सगळ्याच संशयित जागा एकदम बदलून टाकल्या, आणि तरीही प्रवाह वाढला. पाव शतकाचा तपास ज्या दारावर चालला होता, त्या दारावर शिक्का लागतच नव्हता.

तेव्हा शोधाची दिशा बदलली. शिक्का दारावर नसेल तर दाराशेजारी उभ्या असलेल्या कोणावर तरी असला पाहिजे. शेजारी कोण आहे हे कळण्यासाठी मार्क्स, त्यांचे सहकारी हेन्री कोलक्राफ्ट आणि इतरांनी एक नामी युक्ती योजली. मार्गाला त्यांनी एक वितंचक जोडले. ते क्षणभर चेतवले की हाताच्या अंतरावर असलेल्या प्रत्येक प्रथिनावर एक खूण उडवते. इंदूरच्या रंगपंचमीत गेरीजवळ सापडलेला कोणीही कोरडा राहत नाही, तसाच हा प्रकार. जिवंत उंदराच्या हृत्पेशीत हा रंग दोनदा उडवला, एकदा शांत असताना आणि एकदा ॲड्रेनलिनसारखे द्रव्य दिल्यावर. दोन्ही वेळच्या शेकडो रंगलेल्या प्रथिनांच्या याद्या ताडून पाहिल्या. पहिल्या वेळी शेजारी असलेले एक प्रथिन दुसऱ्या वेळी तेथून सरकलेले दिसले. त्याचे नाव रॅड.

हे नाव नवे नव्हते. १९९३ साली मधुमेही माणसांच्या स्नायूंचा अभ्यास करताना ते प्रथम सापडले होते, आणि कॅल्शियमचा प्रवाह ते दाबून धरते हेही नंतर कळले होते. त्याला या खटल्यात साक्षीदार म्हणून कोणी बोलावले नव्हते, एवढेच. २०२० च्या जानेवारीत हा शोध प्रसिद्ध झाला. शांत अवस्थेत रॅड हे मार्गाच्या साहाय्यक प्रथिनाला धरून बसते आणि दाराला सहसा उघडू देत नाही. ॲड्रेनलिनचा निरोप आला की वितंचक शिक्का मारते तो या रॅडवर. त्याची पकड सुटते, ते बाजूला होते, आणि दार वारंवार उघडू लागते. म्हणजे निरोप दाराला ‘उघड’ असे सांगत नाही; तो पहारेकऱ्याला हटवतो. रॉयटर यांनी १९८३ साली पाहिलेली, वारंवार वर-खाली होणारी ती रेघ या पहारेकऱ्याच्या जाण्यायेण्याची होती.

पुढे याच गटाने रॅडमधील शिक्क्याच्या चार जागा बदललेले उंदीर निपजवले, आणि २०२२ साली त्यांचा वृत्तान्त दिला. या उंदरांत पहारेकरी हटतच नाही. ॲड्रेनलिनसारखे द्रव्य दिले तरी त्यांच्या हृत्पेशींतला कॅल्शियमचा प्रवाह वाढला नाही, आणि धावण्याच्या चाचणीत हे उंदीर आपल्या निरोगी भावंडांच्या आधी थकले.